राठोडबाईंचे दोन कान

"ड्युटी माह्यासंग लावून घे, थंडीत गरम ठेवतो तुले!"

हे वाक्य भर दुपारी, नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्राच्या अंगणात, गजानन नावाचा एक थोराड फायरमन गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता. त्याच्यासमोर लोखंडी खुर्चीवर एक रुंद हाडापेराची, सावळी बाई बसली होती. तिनं डाव्या कानामागं हात धरला आणि मान हलवली.

"नाही आलं बाप्पा आयकू. मोठ्यानं बोल."

"बाई, भिताडापलीकडं बजार भरला आहे. लोक आयकून राह्यले."

"आयकू दे. चौकशी मी करून राह्यली का लोक? बोल पुन्हा. जसं तिले बोल्ला तसंच बोल, शब्द खाऊ नोको."

गजाननानं पुन्हा आरोळी ठोकली. त्या आरोळीनं पिंपळावरचे कावळे उडाले ते थेट पैनगंगेपलीकडं जाऊन बसले. ढाणकीच्या एसटीचा ड्रायव्हर गाडी थांबवून खिडकीतून डोकं काढून विचारू लागला, "कोन्या पोरीले म्हनून राह्यला बे हा?" आणि भिंतीपलीकडून मेथीवाल्या म्हातारीचा आवाज आला, "घरी जाऊन तुह्या मायले म्हन ना असं, मेल्या!"

मी थोडं वाढवून सांगतो असं आमच्याकडचे लोक म्हणतात. लोक कमी करून ऐकतात, त्याला मी काय करू? पण गजाननाचा चेहरा मी वाढवून सांगत नाही. तो चेहरा मी स्वतः पाहिला, कारण बाईंच्या शेजारी स्टुलावर बसून चौकशीचं लिहून घेण्याचं काम माझ्याकडं होतं. आठवडाभर हेच वाक्य तो पाळी बदलताना पाण्याच्या माठापाशी एका नव्या टेलिफोन ऑपरेटर मुलीच्या कानात कुजबुजत होता. कुजबुजताना त्याला मोठी मर्दानगी वाटत होती. तेच वाक्य उन्हात, सगळ्यांसमोर, स्वतःच्या आवाजात ऐकताना त्याचं तोंड असं झालं होतं, जणू कोणी त्याला त्याचीच उलटी ताटात वाढली होती. बाईंनी त्या मुलीचं नाव एकदाही घेतलं नाही, त्यालाही घेऊ दिलं नाही. "तिचं नाव या अंगनात येनार नाही," असं त्या आधीच बजावून बसल्या होत्या. "शब्द तुह्ये, तं नावबी तुह्यंच."

संध्याकाळी गजानन घरी पोचायच्या आत ते वाक्य त्याच्या घरी पोचलं होतं. पुढं बरेच दिवस तो ओट्यावर झोपत होता.

या बाई म्हणजे सुभद्राबाई राठोड. माहेर फुलसावंगीजवळच्या तांड्याचं. नवरा नगरपालिकेत ड्रायव्हर होता, तो काविळीनं गेला आणि त्याच्या जागी या लागल्या, अग्निशमन केंद्राच्या फोनवर. आमच्या गावाचं नाव मी सांगत नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, एवढं पुरे. यातली माणसं अजून जिवंत आहेत आणि काही तर नियमित पेन्शन खातात.

दिवस कापसाचे होते, म्हणजे कापसाच्या दुर्दशेचे. भाव पडलेला, खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग, आवारात कापसाच्या गंज्या. गंजी वरून विझलेली दिसते आणि आतून धुमसत राहते. कधी बिडीनं, कधी मशीनच्या ठिणगीनं, तर कधी 'आपोआप' आग लागायची. त्यात मंत्र्यांचे दौरे सुरू झाले की अर्धे बंब ताफ्यामागं फिरायला. एवढी कामं असताना फोनवर माणूस कसा पाहिजे? राठोडबाईंसारखा. त्या कधी 'हॅलो' म्हणाल्या नाहीत. फोन उचलला की एकच प्रश्न, "कोठी पेटलं?" कोणी "मॅडम, मी अमुक संस्थेचा अध्यक्ष बोलतोय" अशी सुरुवात केली की त्या म्हणायच्या, "इझल्यावर अध्यक्ष व्हा, पह्यले रस्ता सांगा." आणि भोंग्याचं बटण दाबायच्या.

तो भोंगा त्यांच्या खोलीच्या नेमका वर होता, डाव्या बाजूच्या खिडकीवर. वर्षानुवर्षं तो बोंबलून बाईंचा डावा कान गेला. किती गेला, हा आमच्या नगरपालिकेतला मोठा वादाचा विषय होता. बाई स्वतः म्हणायच्या, "दोन्ही गेले." आम्ही ते खरं धरत होतो. त्यांचा स्वतःचा आवाज बहिऱ्या माणसासारखाच मोठा होता. त्या खोकल्या की कापसातली सरकी काढायच्या जिनिंगच्या पत्र्यावरची कबुतरं उडत.

मग यवतमाळहून आदेश आला की प्रत्येक कार्यालयात तक्रार समिती पाहिजे, अध्यक्ष बाई पाहिजे आणि छळ होत असेल तर कर्मचाऱ्याला तिथं सांगता आलं पाहिजे. मुख्याधिकारी पुण्याकडचे, गोरेपान, बोलणं लोण्यासारखं. त्यांनी बायकांची नावं समोर घेतली आणि पेनचं टोपण चावत विचार केला. शिक्षिका नको, ती बोलते. नर्स नको, तिचा नवरा पत्रकार. तेवढ्यात कोणीतरी राठोडबाईंचं नाव घेतलं आणि साहेबांचं तोंड उजळलं.

"त्यांना ऐकू येत नाही ना?"

"नाही साहेब. ठार."

"मग उत्तम. तक्रार त्यांच्यापुढंच व्हावी."

सगळे हसले. मीही टेबलावरचे कागद चाळत हसलो असेन, आठवत नाही. आमच्या नगरपालिकेनं रस्ते चुकीच्या जागी बांधलेत, गटारं चढावाच्या दिशेनं खोदलीत, पण इतकी मोठी चूक तिनं कधीच केली नव्हती. बहिऱ्या माणसापुढं तक्रार दबते असा त्यांचा हिशेब. बहिऱ्या माणसापुढं ओरडावं लागतं, हे त्या हुशार मंडळींपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

समितीत आणखी दोघं होते. एक इंजिनिअर आणि एक लेखापाल. ते चहाला यायचे.

बाईंची पद्धत मला दुसऱ्या-तिसऱ्या तक्रारीला कळली. तक्रार करणाऱ्याला त्या ऑफिसात बोलवतच नसत. केंद्रामागच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये, चुलीपाशी, तुरीच्या शेंगा सोलत बसायच्या आणि त्या माणसाला आपल्या उजव्या बाजूला बसवायच्या. तिथं ती ऑपरेटर मुलगी इतक्या हळू बोलत होती की मला, दाराशी वही घेऊन बसलेल्या धडधाकट माणसाला, अर्धं ऐकू येत नव्हतं. बाई मात्र शेंगा सोलत "हं" म्हणत होत्या, बरोबर जिथं "हं" म्हणायला पाहिजे तिथंच. आणि आरोपी? त्याला अंगणात, डाव्या बाजूला.

मी एकदा विचारलंच, "बाई, उजव्या कानानं तुम्हाले आयकू येते ना?"

"काय म्हनतो?" त्यांनी डावा कान पुढं केला. "मोठ्यानं बोल."

मी पुन्हा विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट. कोणताही चौकशी अधिकारी आधी विचारतो, पुरावा काय, साक्षीदार कोण, तू तिथं गेलीच कशाला. बाई विचारायच्या, "तुले काय पायजे?" त्या मुलीला हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. ती रडायची थांबली आणि म्हणाली, "माही ड्युटी नोका बदलू. त्याची बदला." किती साधी गोष्ट! आणि आपल्या सगळ्या सरकारात ही एक साधी गोष्ट होत नाही. ज्याला चावलं त्यालाच गावाबाहेर काढतात आणि कुत्रा पायरीवर तसाच शेपूट हलवत बसतो. वर त्या माणसाला सांगतात, तुमच्या भल्यासाठी केलं. गजानन टँकरवर गेला आणि मुलगी जागेवर राहिली. आमच्या नगरपालिकेच्या इतिहासात असं पहिल्यांदा झालं.

मग लोक येऊ लागले. झाडूवाल्या बायका आल्या, नाक्यावरचा शिपाई आला, एक हवालदारसुद्धा पोलिस ठाणं सोडून चुकून आमच्याकडं आला आणि बाईंनी त्यालाही शेंगा सोलायला लावल्या. फायरमन पोरं त्यांना 'याडी' म्हणू लागली. बाईंच्या बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. बाईंना ते आवडत नसे. "तुमच्या याड्या घरी आहेत. मी समिती हाव."

आता राऊतसाहेबांकडं येतो. नाव घेतलं की अजून माझी कानशिलं तापतात.

राऊतसाहेब केंद्रप्रमुख. पिळदार मिशा, इस्त्रीचा गणवेश आणि हसणं असं की उमरखेडपर्यंत जावं. हा माणूस कुजबुजत नव्हता. त्यानं जे केलं ते उघड, चारचौघांत, टाळ्या देत केलं. त्याला हसायला रोज एक माणूस लागायचा, जसा एखाद्याला जेवणानंतर पान लागतं. आणि तो हसला की बाकीच्यांनीही हसायचं. न हसणाऱ्याची पाळी दुसऱ्या दिवशी.

त्या केंद्राची एक रीत होती. तिला 'कोरडी' म्हणत. नवा फायरमन पहिल्यांदा आगीपुढं उभा राहिला, हातात पाइपाचं पितळी तोंड, समोर जाळ, की मागं पंपावरच्या माणसानं गुपचूप चावी बंद करायची. पाइप मेलेल्या सापासारखा ढिला पडतो. नवा माणूस घाबरतो, मागं पाहतो, ओरडतो. मग एकदम पूर्ण जोरात पाणी सोडायचं. पाइप बैलासारखा उसळी घेतो, माणूस चिखलात आडवा आणि सगळे पोट धरून हसतात. झालं, पोरगा आपल्यातला झाला. प्रत्येकाला एकदा. कोरडी खाल्लेला माणूस पुढच्याला कोरडी देताना सगळ्यात जास्त हसायचा, हे मी नीट पाहिलेलं आहे.

प्रकाश मुनेश्वर ढाणकीकडच्या एका खेड्यातला. बौद्ध कुटुंब, आई मजुरीला जाणारी. रोजंदारीवर लागला होता, हंगामानंतर कायम होण्याची आशा होती. त्याची आई तांब्यात निखारे भरून त्याच्या खाकी गणवेशाला इस्त्री करायची. तो गणवेश राऊतसाहेबांच्या गणवेशापेक्षा कडक दिसायचा आणि माझ्या मते खरा गुन्हा तिथंच घडला. साहेबांनी पहिल्या दिवशी आडनाव विचारलं, ऐकलं आणि हसले.

"या या! सरकारचे जावई आले! जावईबुवाले पाटपानी द्या रे!"

त्या दिवसापासून जावईबुवा गटार साफ करा, जावईबुवा माझे गमबूट पुसा, जावईबुवा माठाले हात नोका लावू, तुमच्यासाठी नळ आहे. पाण्याच्या बंबावर नोकरी करणारा माणूस, आणि त्यानं माठाला हात लावायचा नाही! आणि कोरडी इतरांना एकदा, प्रकाशला दर आगीला. साहेब मागं उभे राहून पंपावरच्या बाबारावकडं बघत नुसता पंजा आडवा करायचे. बाबाराव वयस्कर, रिटायरमेंटला आलेला, तो चावी फिरवायचा. बाकीचे हसायला तयारच.

खरेदी केंद्राची मोठी गंजी पेटली त्या दिवशी पाणी तोडलं तेव्हा प्रकाश गंजीच्या अगदी तोंडाशी होता. कोपरापर्यंत हात भाजला. मग पाणी सोडलं, पितळी तोंड उसळून जबड्यावर बसलं, दात तुटला. आवारात कापूस विकायला आलेली माणसं बघत होती. साहेब म्हणाले, "जावईबुवाचा हुंडा पडला रे खाली, उचला!"

तो बाईंच्या चुलीपाशी आला तेव्हा हाताला पट्टी होती. बाई शेंगा सोलत राहिल्या. मग त्यानं सगळं सांगितलं, शब्दाला शब्द, आवाज न चढवता.

"तुले काय पायजे?" बाईंनी विचारलं.

"साहेबाले काही नोका करू. मले कायमबी नोका करू. फक्त आगीपुढं उभा असलो का पानी पायजे."

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग त्या माझ्याकडं वळल्या. "लिहिलं का? तसंच लिही. त्याच्यावर तुह्यं मराठी नोको चढवू."

चौकशीच्या दिवशी राऊतसाहेब स्वतः खुर्ची घेऊन आले. बाईंनी डावा कान पुढं केला आणि म्हणाल्या, "पानी तोडलं का?"

"तोडलं की!" साहेब इतक्या जोरात म्हणाले की बाईंना 'मोठ्यानं' म्हणायची सोयच राहिली नाही. "मीच तोडाले लावलं! अवो बाई, गंमत होती. हा पोट्टा कसा नाचला, ते तुमी पाह्यलं असतं ना..." आणि ते उठले, हातात पाइप असल्यासारखं करून लटपटले, मागं पाहून "पानी, पानी" असं बारीक आवाजात ओरडले, जबडा धरून बसकण मारली. नक्कल इतकी हुबेहूब की अंगणातले फायरमन हसले, भिंतीवर चढलेली पोरं हसली, आणि ती मेथीवाली म्हातारी, जिनं गजाननाला त्याच्या आईची आठवण करून दिली होती, तीसुद्धा तोंडाला पदर लावून हसली.

प्रकाश कोपऱ्यात उभा होता. तो जमिनीकडं पाहत होता.

मला तेव्हा इतका संताप आला की हातातलं पेन वाकलं. बाईंचं हत्यार बोथट झालं होतं. जो अंधारात बोलतो त्याला उजेडात आणता येतं, पण जो उजेडातच माणूस मारतो आणि त्यावर टाळ्या घेतो, त्याला कुठं न्यायचं?

बाई उठल्या. पदर कमरेला खोचला. "साहेब, मी बहिरी बाई. मले आयकून गंमत समजत नाही. दाखवून देता का?"

"काय?"

"कोरडी. तुमी पाइप धरा. समितीले पाहू द्या, काय मजा असते ते."

साहेब क्षणभर चपापले. पण एवढे लोक पाहत होते आणि मिशीला पीळ होता. "लावा आग!" ते म्हणाले.

अंगणात जिनिंगचा कचरा ओढून आणला, त्यावर डिझेल ओतलं आणि काडी लावली. भडका असा उठला की पिंपळाची पानं वरच्या वर करपली. साहेब पितळी तोंड घेऊन ऐटीत उभे राहिले, पाणी आलं, आणि ते एखाद्या वरातीत बंदूक धरल्यासारखे झुलू लागले. बाई सावकाश बंबामागं गेल्या. बाबारावच्या खांद्यावर हात ठेवला. तो बाजूला झाला. बाईंनी चावी फिरवली.

पाइप ढिला पडला. वारा, कधी नव्हे तो, आमच्या बाजूनं होता. जाळ साहेबांच्या अंगावर झुकला.

"बाबाराव, पानी!"

कोणी हललं नाही.

"पानी दे बे! बाबाराव! अरे पानी!"

मिशीच्या टोकाला चटका बसला, वास सुटला. साहेबांनी पितळी तोंड फेकलं, मागं पळाले, पाइपात पाय अडकून बसकण मारली. नकलेत मारली होती तशीच, पण आता कोणी हसलं नाही. प्रकाश कोपऱ्यातून आला. पडलेलं पितळी तोंड त्यानं भाजल्या हातानं उचललं, जाळापुढं पाय रोवून उभा राहिला आणि मागं न पाहता म्हणाला, "याडी, पानी."

बाईंनी चावी उघडली. त्यानं आग विझवली. नीट, कडेकडेनं, शिकवल्यासारखी.

"हसा ना," बाई फायरमन पोरांना म्हणाल्या. "काहून हसून नाही राह्यले? गंमत होती ना?"

बाबारावनं टोपी काढली. साहेब चिखलातून ओरडले, "मेलो असतो मी! मेलो असतो!"

बाई माझ्याकडं वळल्या. "लिहून घे रे. साहेबाचं बयान आहे. 'कोरडी दिली का मानूस मरू शकते.'"

समितीनं साहेबांना दोषी ठरवलं. मी स्वतः लिहिलं, बाईंनी सही केली. इंजिनिअर आणि लेखापालांनी तो अंगणातला जाळ पाहिला होता, त्यांनी चहा न पिता सह्या केल्या.

आता वरच्या मजल्यावर काय झालं ते ऐका. मुख्याधिकाऱ्यांनी अहवाल दोन बोटांत धरला, मेलेला उंदीर धरावा तसा. त्यांना प्रकाशचा भाजलेला हात दिसला नाही. त्यांना शासकीय आवारात लावलेली आग दिसली, वरिष्ठाचा अवमान दिसला. अहवालावर नवा मजकूर टाइप होऊन आला: आपसी गैरसमजातून घडलेला किरकोळ प्रकार, उभयपक्षी समज देऊन प्रकरण निकाली. 'उभयपक्षी'! ज्याचा दात पडला त्यालाही समज द्यायची, कशाची? पुढच्या वेळी तोंड जरा बाजूला ठेव म्हणून?

"सही करा, राठोडबाई," मुख्याधिकारी लोण्यासारखं म्हणाले. "केंद्रातलं वातावरण चांगलं राहायला पाहिजे."

बाईंनी डावा कान पुढं केला. "मोठ्यानं बोला साहेब."

साहेब मोठ्यानं बोलले नाहीत. असली वाक्यं मोठ्यानं बोलायची नसतात, हे त्यांना बरोबर माहीत होतं. बाईंनी सही केली नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांची बदली जन्म-मृत्यूच्या खिडकीवर झाली आणि समितीवर लेखापालांच्या पत्नीच्या बहिणीला घेतलं, ती अंगणवाडीत होती आणि तिला आमच्या केंद्राचा पत्ताही माहीत नव्हता. राऊतसाहेब नागपूरला प्रशिक्षणाला गेले आणि खांद्यावर आणखी एक फीत लावून आले.

पण त्या उन्हाळ्यात एक मोठी जिनिंग पेटली. दुपारची वेळ, आभाळ काळं, पत्रे तडतडत होते. मीही गावाबरोबर धावत गेलो होतो. प्रकाश सगळ्यात पुढं होता, त्याच्या पाठीमागं धुरात कामगार बाहेर निघत होते. राऊतसाहेब बंबापाशी उभे होते. सवय जात नाही. त्यांनी बाबारावकडं पाहिलं आणि पंजा आडवा केला.

बाबारावनं साहेबांच्या पंजाकडं पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसू लागला. असा निवांत, जणू त्याच्या आयुष्यात त्या चष्म्याइतकं घाण काही नव्हतं. दुसरा हात चावीवर तसाच होता. साहेबांनी एका पोराला खुणावलं, तो आकाशाकडं बघायला लागला. तिसरा बुटाची नाडी बांधत खाली वाकला. साहेबांचा पंजा हवेत आडवाच राहिला आणि पाणी चालू राहिलं. जिनिंग विझेपर्यंत एक थेंबही तुटला नाही.

प्रकाशनं जे मागितलं होतं ते त्याला मिळालं. तेवढंच मिळालं. हंगाम संपला आणि त्याची रोजंदारी पुढं वाढवली नाही, 'काम समाधानकारक नाही' म्हणून. त्या ऑपरेटर मुलीचीही बदली झाली, तिच्या भल्यासाठी. गजानन टँकरवरून परत बंबावर आला. बाबाराव रिटायर झाला. प्रकाश आता ऑटो चालवायचा.

बाई त्यानंतर वर्षभर खिडकीवर होत्या. कोणी मृत्यूचा दाखला मागायला आलं की त्या विचारायच्या, "कशानं गेला?" आणि उत्तर नीट ऐकून घ्यायच्या, उजव्या कानानं.

त्यांचा निरोप समारंभ सभागृहात झाला. शाल, नारळ, पेढे. राऊतसाहेबांनी भाषण केलं, "राठोडबाई म्हणजे आमच्या सगळ्यांची याडी!" असं म्हणताना डोळे पुसले. मुख्याधिकाऱ्यांनी त्यांच्या कर्तव्यनिष्ठेचा गौरव केला. बाईंना दोन शब्द बोलायला सांगितले. त्या उठल्या, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, आणि मला वाटलं, आता सभागृहाचं छत उडतं.

"पेढे खाऊन घ्या," त्या म्हणाल्या, आणि बसल्या.

फाटकाबाहेर प्रकाशची ऑटो उभी होती. त्याला आत कोणी बोलावलं नव्हतं. बाई उन्हात चालत गेल्या, अंगावरची शाल काढली, झटकली आणि ऑटोच्या फाटक्या सीटवर चौपदरी घालून तिच्यावर बसल्या. प्रकाश मागं वळून काहीतरी म्हणाला. त्या हसल्या, तोंड उघडून, पोट हलेस्तोवर, आणि ऑटो फुलसावंगीच्या रस्त्याला लागली.

मी आत गेलो. मला राहावलं नाही. सभागृहात मुख्याधिकारी हात पुसत उभे होते आणि मी, ज्यानं जन्मभर फक्त इतरांचं लिहून घेतलं, तो त्यांच्या तोंडावर ओरडलो, "साहेब, बाई गेल्या! आता या केंद्रातल्या पोरांनी, या बायकांनी जायचं कोणाकडं?"

त्यांनी रुमालाची घडी केली.

"कशासाठी? वर्ष झालं, एकही तक्रार नाही."